'आमच्यानंतर याचं काय?' : सुरुवात कुठून करायची

ज्या घरात बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मोठं माणूस आहे, त्या घरात हा प्रश्न कायम मुक्कामाला असतो. आई-वडील तो मोठ्याने विचारत नाहीत आणि भावंडं विषय बदलतात. मी त्यातलं भावंड आहे. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, पन्नाशी ओलांडलेला आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच बौद्धिक दिव्यांगत्व असलेली एक जनुकीय अवस्था. आई गेल्यापासून तो माझ्या घरी राहतो, वाईत, गणपती आळीत. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या भावंडांसाठी, आणि अजून हातपाय चालत आहेत अशा आई-वडिलांसाठी.

बहुतेक घरं आधी पैसे साठवतात, मग संस्था शोधतात. दोन्ही लागतात. पण मी क्रम वेगळा सांगेन. त्याला स्वतःला काय हवंय ते आधी शोधा. मग त्याला नीट ओळखणारी पाच-सात माणसं जमवा. मग गावात त्याची जागा तयार करा. कागदपत्रं त्याबरोबर चालू राहू देत. कारण ठेव असो, विमा असो की पालकत्वाचा दाखला, ते सगळं शेवटी कुणातरी माणसाने वापरायचं असतं, आणि त्या माणसाला दादाला काय आवडतं हे माहीत नसेल तर पैसे असूनही दादाचे दिवस वाईट जाऊ शकतात.

आधी वही

एक शंभर पानी वही घ्या आणि पंधरा दिवस फक्त लिहा. कुणी न सांगता तो काय करतो? कुठे रेंगाळतो? कुणाचा आवाज आला की उठून बसतो? कशाला नकार देतो, आणि तो नकार कसा दिसतो? बोलणं कमी असलेल्या माणसाचा नकार शब्दांत येत नाही. तो जेवण लांबवतो, बाथरूममध्ये जाऊन बसतो, शर्टाचं बटण ओढत राहतो. याला आपण 'हट्ट' म्हणून मोकळे होतो. वहीत 'हट्ट' हा शब्द लिहायचा नाही, असा नियमच करा. काय घडलं, त्याआधी काय झालं होतं, आणि नंतर काय झालं, एवढंच लिहा.

मग घराबाहेरच्यांना विचारा. केस कापणारा, किराणावाला, समोरच्या काकू, शाळेतली जुनी बाई. घरात न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना दिसतात. दादाला एसटी स्टँड आवडतं हे आम्हाला ठाऊक होतं. पण तो गाड्या बघत नाही, पाट्या बघतो, हे आम्हाला स्टँडवरच्या चहावाल्याने सांगितलं. स्वारगेट, भोर, पाचगणी, महाबळेश्वर, जोर, बलकवडी. कुठली पाटी कुठल्या फलाटाला लागते ते त्याला पाठ आहे. दादाला वाचता येत नाही अशीच आम्हा सगळ्यांची समजूत होती.

वही भरली की एका पानाचे दोन भाग करा. एका बाजूला त्याला स्वतःला जे महत्त्वाचं वाटतं ते. दुसऱ्या बाजूला त्याच्या तब्येतीसाठी आणि सुरक्षिततेसाठी जे गरजेचं आहे ते. आपल्याकडे दुसरी बाजू नेहमी भरगच्च असते: गोळ्या, पथ्य, एकटं जायचं नाही, साखर नको. पहिली बाजू बघितली तर दोन ओळी. ज्या माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्या बाजूवर चालतं, तो सुरक्षित असतो आणि दुःखी असतो. आणि नुसती पहिली बाजू धरली तर तो आजारी पडतो. दोन्ही एकमेकांत बसवणं हे खरं काम.

आमचं उदाहरण सांगते. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास पुष्कळांना असतो, दादालाही आहे. गोळी सकाळी अनशापोटी घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास चहा नाही. त्या अर्ध्या तासात घरात रोज भांडण. त्याला हवा होता स्टँडवरचा चहा. मग गोळी घ्यायची, चपला घालायच्या आणि चालत स्टँडवर जायचं असं ठरलं. दादाच्या चालीने तिथे पोचायला तेवढाच वेळ लागतो. चहा कमी साखरेचा, हे चहावाल्याशी दादानेच बोलून ठरवलं. मी फक्त शेजारी उभी होते.

एक पान

वहीतून एकच पान तयार करा, दोन नको. डॉक्टर, नवी शेजारीण, लग्नघरातला पाहुणा, कुणीही दोन मिनिटांत वाचू शकेल असं. वर त्याला आवडणारा त्याचा फोटो. खाली तीन गोष्टी: लोकांना माझ्यातलं काय आवडतं, मला काय महत्त्वाचं वाटतं, आणि मला मदत कशी करायची. 'मी' असंच लिहा, 'तो' नको. आजाराचं नाव पहिल्या ओळीत घालू नका. ते खाली, औषधांच्या शेजारी येऊ दे.

दादाच्या पानावर आहे: 'मला एकदा विचारा आणि थांबा. मी उत्तर देतो, पण वेळ लागतो.' 'माझा हात धरून ओढू नका. चल म्हणा, मी येतो.' 'लाऊडस्पीकर लागला की मी कान झाकतो. मी रागावलेलो नसतो.' 'किल्ली माझ्या खिशात असते. ती मागू नका.'

मोघम लिहिलंत तर पान वाया जातं. 'प्रेमळ आहे, संगीत आवडतं' यावरून नव्या माणसाने करायचं काय? 'संध्याकाळी सात वाजता रेडिओ लागला नाही तर मला झोप येत नाही' असं लिहा. पान त्याला वाचून दाखवा, चित्रं काढून दाखवा, आणि ते कुणाला द्यायचं ते त्याला ठरवू द्या. दादाने एका नातेवाइकाला द्यायला नकार दिला. आम्ही दिलं नाही.

विचारायचं कसं

'तुला काय पाहिजे?' हा प्रश्न फार मोठा आहे. त्याऐवजी दोन खऱ्या वस्तू समोर ठेवा: दोन शर्ट, दोन भाज्या, दोन फोटो. एक गोष्ट लक्षात ठेवा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली पुष्कळ माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणतात, किंवा शेवटी ऐकलेला पर्याय परत सांगतात. म्हणून थोड्या वेळाने तेच उलट्या क्रमाने विचारा. उत्तर बदललं तर अजून ठरलेलं नाही असं समजा. विचारून झाल्यावर मनात दहा आकडे मोजा. ही शांतता घरातल्यांना फार जड जाते, कुणीतरी मध्येच बोलतं. त्यांना थांबवा.

आणि जे देणार नाही ते विचारू नका. 'मामाकडे जायचं का?' असं विचारून, 'नाही' आलं तरी गाडीत बसवायचं, असं दोनदा झालं की पुढे तो उत्तर द्यायचंच सोडतो. जायचंच असेल तर सरळ सांगा, 'आज जायचंय. खिडकीत बसणार का आतल्या बाजूला?' एवढी निवड तरी खरी असेल.

शर्टापासून सुरू झालेलं हळूहळू मोठ्या गोष्टींकडे न्या. केस कुठे कापायचे, कुणाच्या लग्नाला जायचं, डॉक्टरांच्या खोलीत बरोबर कोण येणार, पैसे कशावर खर्च करायचे. पैशांचं हल्ली अवघड झालंय. सगळीकडे मोबाइलने पैसे देतात, त्यामुळे दुकानात सुटे नसतात, आणि नोटा ओळखायला शिकलेला माणूस पुन्हा परावलंबी होतो. आम्ही दादाच्या पाकिटात दहा-वीसच्या नोटाच ठेवतो आणि तो जातो त्या तीन-चार दुकानांत आधी बोलून ठेवलंय: हिशोब त्याच्याशी करा, माझ्या फोनवर नको.

एकटं जाण्याचं काय, हे सगळे विचारतात. भीती वाटते, ती मलाही वाटते. पण धोका शून्य करायचा तर माणसाला खोलीत ठेवावं लागेल. रस्ता असा शिकवा. आधी बरोबर चाला आणि वाटेतल्या खुणा त्यालाच सांगू द्या. मग त्याला पुढे चालू द्या, तुम्ही दहा पावलं मागे. मग शेवटचा तुकडा त्याने एकट्याने जायचा, तुम्ही लांबून बघायचं. मग त्याआधीचा तुकडा. असं मागून पुढे शिकवलं की रोज पोचण्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. खिशात नाव आणि दोन फोन नंबर असलेलं कार्ड. आणि चुकला तर काय करायचं, याचा सराव घरात नाही, रस्त्यावरच करायचा. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की घाटावर उतरायचं नाही, हा आमच्याकडे एकमेव न बदलणारा नियम आहे. नियम थोडे असले की पाळले जातात.

शरीराबद्दलही बोला. खासगी अवयवांची खरी नावं, कोण हात लावू शकतं, आंघोळीला मदत करणाऱ्याने आधी विचारायला हवं, आणि 'नको' म्हटल्यावर थांबायला हवं. मोठ्या माणसाला 'बाळ' म्हणून वागवलं की हे बोलणं राहून जातं, आणि ज्याला 'नको' म्हणायची सवयच नाही त्याच्यावर अत्याचार करणं सोपं जातं. मैत्री आणि प्रेम याही त्याच्या गरजा आहेत. विषय टाळल्याने त्या जात नाहीत.

पाच-सात माणसं

पगार घेऊन येणारी माणसं यात धरू नका. ती चांगली असतात, पण नोकरी बदलली की जातात. शेजारी, चुलत भाऊ, जुना वर्गमित्र, भाचरं, देवळातली ओळख यांतून निवडा. नावं त्याने सुचवायची. दादाने चहावाल्याचं नाव पहिलं घेतलं, आणि माझ्या नवऱ्याचं दुसरं. सख्ख्या काकांचं घेतलंच नाही.

लोकांना 'दादाकडे लक्ष द्या' असं सांगू नका. सगळे 'हो हो' म्हणतात आणि काहीच घडत नाही. एक छोटी, ठरलेली गोष्ट मागा. 'महिन्यातून एका रविवारी त्याला तुमच्याबरोबर मंडईत न्याल का?' 'दर गुरुवारी रात्री त्याला फोन कराल का?' नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणू द्या. त्याच्याकडे पुन्हा वर्षाने जा.

वर्षातून दोनदा सगळ्यांना घरी बोलवा. निमंत्रण त्याने द्यायचं, पोहे का उपमा ते त्याने ठरवायचं, बसायची जागा त्याची. एक नियम कडकपणे पाळा: तो खोलीत असताना त्याच्याविषयी 'तो' म्हणून बोलायचं नाही, त्याच्याशी बोलायचं. मोठा कागद भिंतीवर लावा आणि चित्रांनी लिहा. आधी त्याला पुढच्या वर्षी काय व्हायला हवंय, कितीही मोठं असलं तरी. त्यावर 'ते जमणार नाही' हे वाक्य त्या दिवशी बंद. मग आज काय आहे. मग पुढच्या महिन्यात कोण काय करणार. प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख. ही पद्धत जगभर वापरतात, तिला महागडं साहित्य लागत नाही.

दादा म्हणाला होता, 'मला एसटीत नोकरी.' कंडक्टर होणं शक्य नव्हतं. पण त्या वाक्यात काय दडलंय ते आम्ही त्याच्याशी बोलत बोलत शोधलं: लोकांची ये-जा, पाट्या आणि वेळा, आणि आपल्याला कुणीतरी काही विचारणं. ते त्याला कुठे मिळेल, हा प्रश्न सगळ्यांनी मिळून सोडवायचा होता. चहावाल्यानेच तोडगा काढला. आता सकाळी दोन तास दादा त्याच्या टपरीवर ग्लास गोळा करतो, फलाटावरच्या कंट्रोलरच्या खोलीत चहा पोचवतो, आणि गाडी कुठे लागते हे लोक त्याला विचारतात. सुरुवातीला मी रोज बरोबर उभी राहायचे, मग लांब बाकावर बसायला लागले, मग जाणंच बंद केलं. मजुरी त्याला रोख मिळते. मजुरीवर अडून राहा. 'वेळ जातो ना त्याचा' असं म्हणून फुकट काम करून घेणं मला मान्य नाही.

गावात जागा

सामील होणं म्हणजे गर्दीत बसवणं नव्हे. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, स्टेजवर बोलावून फुलं देतात, फोटो काढतात. ते देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण ४ तारखेला त्यातलं काही उरत नाही. त्यापेक्षा गावात जे आधीच चालू आहे त्यात एक काम मागा. आमच्याकडे कृष्णाबाईचा उत्सव असतो. वेगवेगळ्या घाटांवर, आळीआळीने. कीर्तन, भजन, महाप्रसाद. दादाला पंगतीत मीठ वाढायचं काम मिळालं. पानाच्या डाव्या कोपऱ्यात, चिमूटभर, पहिलं वाढप त्याचं. तो आला नाही तर पंगत अडते, आणि लोक विचारत घरी येतात. काम निवडताना हेच बघा: तो नसला तर कुणाच्या लक्षात येईल का? आणि नको वाटलं तर त्याला ते सोडता येईल का?

भजनी मंडळ, गणेश मंडळ, वाचनालय, व्यायामशाळा, वारीची दिंडी. जिथे त्याच्या आवडीचं काही आहे तिथे जा. खास त्यांच्यासाठी काढलेले कार्यक्रम वाईट नसतात, मैत्री तिथेही होते. पण सगळा आठवडा तिथेच जात असेल तर गाव त्याला ओळखणार कधी?

कागद

हे भराभर सांगते. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा, त्याशिवाय पुढचं अडतं. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता येतात. त्यांच्यासाठी 'निरामय' हा १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करा. एसटी आणि रेल्वेत सवलत आहे. रेल्वेत बरोबरच्या सोबत्यालाही मिळते. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला हे विचारायला जा, आणि दादाला बरोबर घेऊन जा. आई-वडील सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी या मुलाची नोंद ते हयात असतानाच करून घ्या. नंतर फार वणवण होते.

पालकत्वावर जरा थांबते. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीचे अध्यक्ष असतात तिच्याकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दरवर्षी हिशोब. पण 'सगळे करतात म्हणून' अर्ज करू नका. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता मान्य करतो. त्यातलं मर्यादित पालकत्व ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळासाठी असतं, आणि त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. मला ते जास्त पटतं. याच कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, तोही अधिकाऱ्यांना सांगायची वेळ येते.

मतदार यादीत नाव आहे का तेही बघा. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेलं नसेल तर नाव नाकारता येत नाही. दादा मतदान करतो. उमेदवारांची चिन्हं आम्ही आधी घरी बघतो, आणि कुणाला दिलं ते तो सांगत नाही.

एका बँकेत काउंटरवरच्या माणसाने दादासमोरच मला विचारलं, 'यांना कळतं का?' असं झालं की उत्तर देऊ नका. तुमच्या माणसाकडे वळा आणि थांबा. दादाने स्वतःचं नाव, आळी आणि 'पैसे काढायचेत' एवढं सांगितलं. बाकी मग सही-अंगठ्याचा प्रश्न होता, तो नियमाने सुटला.

दर वर्षी पान बदला

वाढदिवसाच्या आठवड्यात एक पान पुन्हा लिहा. डाऊन सिंड्रोम असलेल्यांनी तर हे चुकवूच नये. त्यांना चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. जुनी पानं शेजारी ठेवली की काय सुटत चाललंय ते दिसतं. रस्ता चुकतोय, रेडिओ नको म्हणतोय. पण लगेच तोच निष्कर्ष काढू नका. थायरॉइड, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं यानेही माणूस असाच गप्प होतो, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना जुनी पानं दाखवा.

शेवटी, निवासाबद्दल. कुणाला घरात ठेवणं शक्य नसतं, आणि कुणाला स्वतःलाच वेगळं राहायचं असतं. मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात साधना व्हिलेज ही बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मोठ्या माणसांची निवासी संस्था १९९४पासून आहे. अशा जागा नुसत्या भावंडांनी बघून ठरवू नयेत, त्याला घेऊन जा. खोल्या आणि फी बघून झाल्यावर विचारा: याला दार आतून लावता येईल का? चहाची वेळ कोण ठरवतं? बाहेर गावात कोण, किती वेळा नेतं? जुन्या ओळखीची माणसं कधीही येऊ शकतात का? इथे राहणाऱ्या कुणाशी आम्हाला एकट्याने बोलता येईल का? तुमचं ते एक पान त्यांच्या हातात द्या आणि ते वाचून काय विचारतात ते ऐका. जमत असेल तर त्याला चार दिवस राहू द्या. घरी आल्यावर दोन फोटो समोर ठेवा, तिथला आणि घरचा, विचारा, आणि उलट्या क्रमाने पुन्हा विचारा.